खोटं खोटं ऑफिस

आमच्या समोरच्या काकूंना सध्या पक्की खात्री आहे की माझं आणि बायकोचं काहीतरी बिनसलंय. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात हेल्मेट अशा थाटात माणूस घराबाहेर पडतो, दार ओढतो, जिन्यात उभा राहून मोबाईलवर स्टॉपवॉच लावतो आणि अर्ध्या मिनिटात परत आत जातो, थोड्या वेळाने परत बाहेर, परत आत, तर बघणाऱ्याने समजायचं काय?

कारण बंड्या. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं देशी कुत्रं, देणारे म्हणाले एकदम शांत आहे. आहेच तो शांत, आपण समोर असेपर्यंत. आपण गेलो की दाराची चौकट, पायपुसणं, माझा एकच (कायम उजवाच!) बूट. येवल्याची पैठणी थोडक्यात वाचली, नाहीतर काकूंचा संशय खरा ठरला असता.

जो येतो तो म्हणतो मुद्दाम करतो, दोन द्या ठेवून, बघा कसा तोंड पाडून बसलाय, त्याला सगळं कळतं. काही कळत नाही हो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या बाईंनी हे तपासून 2009 साली छापलंय, कुत्र्याने गुन्हा केलेला असो नसो, मालक ओरडला की तो चेहरा होतोच. आमचे डॉक्टर पण तेच म्हणाले, हा राग नाही, एकटं राहायला घाबरतो तो, म्हणून तर दार आणि खिडकीच कुरतडतो, मारलंत तर अजून घाबरेल. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गेलो तर खरंच, लिफ्ट खाली पोचायच्या आत याचं रडगाणं सुरू.

मग उपचार. एक म्हणजे ते खोटं ऑफिस, तो घाबरायच्या आत परत यायचं आणि वेळ हळूहळू वाढवायची. दुसरं म्हणजे गाडीची किल्ली उचलायची आणि कुठेही न जाता टीव्ही बघत बसायचं, म्हणजे किल्ली वाजली की माणूस जातो हे त्याच्या डोक्यातून निघतं. बंड्याच्या डोक्यातून निघालं की नाही माहीत नाही, मला मात्र किल्ली हातात घेतली की आता बसावंसं वाटतं, ऑफिसला लेट होतो.

तिसरं, जाताना रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये घट्ट केलेला द्यायचा, चाटत बसतो. हे मामाला कळलं आणि त्याने पिंपळगावहून द्राक्षांचं क्रेट पाठवलं, अर्धी तुम्हाला अर्धी बंड्याला. आता द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष, किडनी जाते, आणि कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे पिंपळगावची द्राक्षं बाद, लासलगावचा कांदा बाद, जिल्ह्याचं अख्खं अर्थकारणच याला वर्ज्य, मिसळीच्या प्लेटजवळ तर फिरकूच द्यायचं नाही. मामाला सांगितलं तर तो भडकलाच, "अरे आमचा माल युरोपला जातो, तिथले लोक भिंग लावून तपासतात, आणि तुझ्या कुत्र्याला चालत नाही?" महिनाभर फोन नाही केला त्याने.

पण हे सगळं चालू असताना त्याला खरोखरचं एकटं सोडायचं नाही, नाहीतर केलेलं पाण्यात. म्हणून सासरे, म्हणजे अण्णा, दिवसभर ड्युटीला येतात. फायदा झाला, मी गेलो तर बंड्या आता मान पण वर करत नाही. पण अण्णा बाथरूमला गेले तरी दाराबाहेर सूर लावतो, आणि खुंटीवरची टोपी काढली की संपलंच. अण्णांना सोमवारी त्र्यंबकला जायचंय, त्यामुळे सध्या ते घरात टोपी घालून टीव्हीसमोर बसतात.