हसू फुटलं, पण मोडलं काय?

तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या समोरच्या कठड्यावर आमची रविवारची बैठक असते. या वेळी वाद पेटवला पम्याने. त्याने मोबाइल मधोमध धरला आणि म्हणाला, "आधी हे बघा, मग तोंड उघडा."

क्लिप होती 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'ची. न्यू यॉर्कमधून शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपित होणारा हा दीड तासाचा प्रहसनांचा कार्यक्रम ११ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाला आणि अजून चालू आहे. पम्याने दाखवला तो भाग १३ एप्रिल २०२४ चा, पाहुणा रायन गॉसलिंग. एप्रिलमध्ये तिकडे साडेअकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे नऊ झालेले असतात. आपण मिसळीच्या रांगेत उभे असतो, आणि तिकडे ती मंडळी चुकलं तर परत घेता येणार नाही अशा जागी उभी असतात. मला हा विचार नेहमी अंगावर येतो.

प्रहसन असं आहे. टीव्हीवर कृत्रिम बुद्धिमत्तेवर गंभीर चर्चा चालली आहे. मुलाखत घेणारी हायडी गार्डनर, समोर तज्ज्ञ म्हणून केनान थॉम्पसन, आजूबाजूला प्रेक्षक. तज्ज्ञ बोलता बोलता अडखळतो, कारण मुलाखतकर्तीच्या मागे बसलेला एक माणूस हुबेहूब बीव्हिससारखा दिसतो. बीव्हिस आणि बटहेड ही एमटीव्हीवर १९९३ मध्ये आलेली कार्टून जोडगोळी, सोफ्यावर बसून खिदळणारी दोन टवाळ पोरं. गॉसलिंगच्या डोक्यावर तसाच पिवळ्या केसांचा उंच टोप, अंगात तसाच निळा टीशर्ट. त्याला तिथून उठवतात. चर्चा पुन्हा सुरू होते, आणि तज्ज्ञ पुन्हा थांबतो, कारण आता मागे दुसरा बसलाय: माइकी डे, बटहेड होऊन. वर उचललेला ओठ, उघड्या हिरड्या, दात बाहेर. हायडी बघायला मागे वळते, तिची आणि त्या हिरड्यांची नजरानजर होते, आणि ती संपते. पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघतच नाही. तोंड दाबते, मान फिरवते, बोलायला जाते, परत फुटते.

पम्या म्हणाला, "गेल्या कित्येक वर्षांत मी इतका हसलो नव्हतो."

अनघा म्हणाली, "तू हसलास ते ती हसली म्हणून. लिहिलेल्यावर हसलास का ते सांग."

अनघा आमची दिग्दर्शक. आमच्या ग्रुपच्या तीन एकांकिका तिनेच बसवल्या. तिचं म्हणणं सरळ होतं: नटाला रंगमंचावर हसू फुटलं की प्रेक्षक हसतो, हे नेहमी होतं. पण त्या क्षणी तो पात्राकडे बघायचा थांबतो आणि नटाची फजिती बघायला लागतो. हे फुकटचं हशावसुलीचं काम आहे. आणि एकदा ते चालतं हे नटाला कळलं, की तो मुद्दाम फुटायला लागतो. "तिथलाच जिमी फॅलन आठव," ती म्हणाली. "एप्रिल २००० मध्ये क्रिस्टोफर वॉकेन पाहुणा होता, ते काउबेलचं, म्हणजे गाईच्या गळ्यातल्या घंटेसारख्या वाद्याचं, प्रहसन. विल फेरेल पोट बाहेर दिसणाऱ्या आखूड शर्टात ती घंटा बडवतोय जीव तोडून, आणि हा मागे हसतोय. हा कार्यक्रम उभा करणाऱ्या लॉर्न मायकल्सलाही नटांचं हे फुटणं आवडत नाही. उगीच नाही."

सुऱ्याने मध्ये पडून वेगळाच मुद्दा काढला. त्याचं कोपरीत लग्नपत्रिका छापायचं दुकान. तो म्हणाला, त्या भागातलं सगळ्यात चांगलं काम थेट नव्हतंच, ते आधी चित्रित केलेलं होतं: 'पपायरस २'. २०१७ मध्ये याच गॉसलिंगने एका माणसाची भूमिका केली होती. 'अवतार'सारख्या अवाढव्य सिनेमाच्या नावाला कुणीतरी मेनूमधला पपायरस फाँट उचलून लावला, या एका गोष्टीने ज्याची झोप उडते असा माणूस. सात वर्षांनी त्याच माणसाची पुढची गोष्ट. "त्यात कोणी हसत नाही," सुऱ्या म्हणाला. "तो खरोखर दुखावलेला आहे. मला तो माणूस पटतो. गिऱ्हाईक येतं, मुलीच्या लग्नावर वीस लाख घालतं आणि पत्रिकेला सांगतं, कुठलाही फाँट टाका. मला रात्री झोप येत नाही हो." हे तो इतक्या कळकळीने म्हणाला की कोणी त्यावर काही बोललं नाही.

अनघाला तेवढंच हवं होतं. "बघ. लिहिलेलं, तोललेलं, चेहऱ्यावर धरून ठेवलेलं. ती कला. हे हसणं म्हणजे अपघात."

मला हे पटत नव्हतं, पण का पटत नाही ते लगेच सापडेना. मग काका बोलले. काका मूळचे कुडाळकडचे. ठाण्यातल्या हौशी नाटकवाल्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट वाक्य विसरला की हळूच सांगायचं.

"आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते," काका म्हणाले. "आज कुठलं आख्यान ते ठरतं, बाकी सगळं तिथे उभं राहून बोलायचं. समोरच्याने काय टाकलं ते आधी माहीत नाही, म्हणजे हसू येणारच. पण मुरलेला राजपार्टीवाला, राजाचं काम करणारा नट, काय करतो? आलेलं हसू तो राजाचं करून टाकतो. राजा हसला, असं दिसलं पाहिजे. माणूस हसला, असं दिसलं की बाकावरची म्हातारीसुद्धा ओळखते."

तिथे मला माझा धागा मिळाला. हायडी हसली ते कोणाचं हसू? त्या प्रहसनाची गोष्टच अशी आहे की एक माणूस गंभीर बोलायचा प्रयत्न करतोय आणि डोळ्यांसमोरचं ध्यान त्याला बोलू देत नाही. तज्ज्ञाला ते होतं. मग मुलाखतकर्ती वळून बघते आणि तिलाही तेच होतं. ती नटी म्हणून फुटली खरी, पण मुलाखतकर्ती म्हणूनही तिने तेव्हा दुसरं काय केलं असतं? गोष्ट मोडली नाही, उलट सिद्ध झाली. आणि ती हसून मोकळी झाली नाही, दर खेपेला वाक्याकडे परत जायला बघत राहिली. समोर केनान आहे. तो २००३ पासून तिथे आहे, इतकी वर्षं दुसरा कोणी टिकलेला नाही. तो आपली तक्रार सोडत नाही, त्याला खरंच त्या माणसाचा त्रास होतोय. त्याने धरून ठेवलं म्हणून तिला पडता आलं.

"आणि गॉसलिंग?" अनघाने विचारलं. "तो प्रेक्षकांत बसलेला साधा माणूस आहे. त्याला कशाचं हसू? तो त्याच रात्री सुरुवातीच्या प्रहसनातही फुटला होता, केट मॅकिनन परग्रहवासीयांची हकीकत सांगत होती तेव्हा."

हे तिचं बरोबर होतं आणि मी ते मान्य केलं. गॉसलिंगचं हसू गॉसलिंगचंच होतं, त्याने काही दिलं नाही.

माझ्या बोलण्यामागे एक जुनी खूण आहे, ती इथे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमची एकांकिका होती. मी पतपेढीचा व्यवस्थापक, समोर जुना कारकून, टेबलावर चहा. आपल्याकडे रंगमंचावरचे कप रिकामेच असतात. त्या दिवशी कोणीतरी मायेने खरा चहा ओतला, उकळता. कारकुनाने सवयीने मोठा घोट घेतला आणि जीभ पोळली. पुढचं वाक्य होतं, "साहेब, संस्थेचे साठ हजार मीच घेतले." त्याच्या तोंडून प्रत्येक 'स' हा 'थ' होऊन बाहेर पडला. मी फुटलो. प्रेक्षकांकडे पाठ केली, खांदे हलत होते, सभागृहाला सगळं दिसत होतं. हशा जोरदार आला. मग मी वळलो. ज्या माणसाला आपला गुन्हा कबूल करताना मान वर करता येत नाही, त्याचा प्रवेश पुढे सहा मिनिटं होता. ती सहा मिनिटं कोणीही गप्प बसलं नाही, तो तोंड उघडायचा आणि मागून खिदळणं यायचं. तो मुलगा दोन महिने त्या प्रवेशावर झटला होता. चहाची चूक कोणाचीच नव्हती. हसण्याची माझी होती.

म्हणून मी प्रत्येक वेळी बघतो की नट फुटला तेव्हा मोडलं काय. माझ्या हसण्याने कबुली मोडली. हायडीच्या हसण्याने काहीच मोडलं नाही.

सुऱ्या मात्र सोडेना. "मग त्याच कार्यक्रमातल्या डेबी डाउनरचं काय? मे २००४. रेचल ड्रॅचने केलेलं पात्र. डिस्ने वर्ल्डला घरचे सगळे नाश्त्याला बसलेत आणि ती दर वाक्याला कसला तरी रोग नाहीतर अपघात काढते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, मागून ट्रॉम्बोनचा रडका सूर. तिथे सगळ्यांचा विरस व्हायला हवा, तर टेबलावरचे सगळे हसतायत, ती स्वतः हसतेय. तुझ्या हिशोबाने ते पूर्ण मोडलं. मग लोक ते अजून का काढून बघतात?"

याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. एवढं म्हणालो की ट्रॉम्बोन वाजणार हे तिला माहीत असतं, कॅमेरा जवळ येणार हे माहीत असतं, आणि तरीही दर वेळी ती तो दुःखी चेहरा करायला जाते. ती झटापट आपण बघतो. पण माझी फूटपट्टी तिथे पुरत नाही हे मला दिसत होतं, आणि अजूनही दिसतं.

पम्याने तेव्हा बरी गोष्ट केली, त्या कार्यक्रमाचा आठवडा समजावला. सोमवारी पाहुण्याबरोबर बसून कल्पना मांडायच्या. मंगळवारी रात्रभर जागून लिहायचं. बुधवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून ढीगभर संहिता वाचायच्या, त्यातल्या थोड्याच निवडायच्या. गुरुवार-शुक्रवार तालमी. शनिवारी संध्याकाळी आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, तीही मुद्दाम जास्तीच्या प्रहसनांसकट. त्यात जे पडलं ते कापायचं, क्रम बदलायचा, वाक्यं बदलायची, आणि साडेअकराला थेट. वाक्यं शेवटपर्यंत बदलतात म्हणून हाताने लिहिलेले मोठे पुठ्ठे कॅमेऱ्याशेजारी धरतात, नट त्यावरून वाचतात.

"म्हणजे प्रॉम्प्टर आहे तर," काका खूश झाले.

"आहे, आणि तेच मला खुपतं," अनघा म्हणाली. "समोरच्या नटाशी बोलताना नजर त्याच्या कानामागे पुठ्ठ्यावर. पाहुण्यांचं तर सर्रास."

"अगं, सहा दिवसांत दीड तासाचा प्रयोग नवाकोरा उभा करतात," काका म्हणाले. "तुमच्या चाळीस मिनिटांच्या एकांकिकेची तालीम तीन महिने चालते आणि तरी आदल्या रात्री मला फोन येतो की काका, या ना विंगेत."

मायकल्सचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे, ते मी सांगितलं: कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो. काकांनी समोर रंगायतनकडे बोट केलं आणि म्हणाले, "तिसरी घंटा." त्यांना आणखी काही समजवावं लागलं नाही.

मला वाटतं असल्या भागाचं परीक्षण करताना हे धरूनच केलं पाहिजे. चित्रित केलेल्या कार्यक्रमात पडलेलं प्रहसन संकलनात निघून जातं, आणि हशासुद्धा हवा तिथे जोडता येतो. इथे पडलेलं पडलेलंच दिसतं. त्या दीड तासात सैल जागा होत्या, आणि मोबाइलवर पाच मिनिटांचा तुकडा बघून "काय भाग होता" म्हणणाऱ्याने त्या पाहिलेल्याच नसतात. पम्यानेही पूर्ण भाग पाहिला नव्हता, हे नंतर त्याने कबूल केलं. पूर्ण दीड तास बसून बघितला की कळतं, रात्र पुढे सरकते तसे नटही थकतात, प्रेक्षकही सैलावतात, आणि अशा वेळी हसवून घेणं किती अवघड आहे.

काकांनी क्लिप परत लावायला सांगितली, आवाज बंद करून. आम्ही चौघं त्यांच्या खांद्यावरून वाकलो. "आता खुर्च्या बघा," ते म्हणाले. "तिची पाठ त्या ध्यानाकडे, याचं तोंड त्याच्याकडे. याला सारखं दिसतंय, तिला वळल्याशिवाय दिसत नाही. सगळं प्रहसन त्या वळण्यावर ठेवलंय. तिला समोर बसवली असती तर तिने पहिल्याच मिनिटाला नजर सरावून घेतली असती."

अनघाने मोबाइल हातात घेतला आणि तेवढाच तुकडा तीनदा मागे-पुढे केला. आमच्या नव्या एकांकिकेत शेवटी माझा आणि पम्याचा प्रवेश आहे. मी मुलाच्या शाळेच्या फीसाठी त्याच्याकडे पैसे मागतो, आणि तो तोवर भटजीच्या वेशात, अर्धवट रंगवलेल्या तोंडाने बसलेला असतो. तालमीत मी तिथे दोनदा फुटलोय.

"तुझी खुर्ची मी फिरवणार," ती मला म्हणाली. "तुला त्याचं तोंड दिसणारच नाही."

"नको," मी म्हणालो. "मला दिसू दे. पैसे मागणाऱ्याला समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं."

"आणि फुटलास तर?"

"तर पैसे मिळणार नाहीत."

ती काही बोलली नाही. पर्समधून वही काढून तिने दोन खुर्च्यांचे चौकोन काढले, एक खोडला, आणि बुधवारी तालमीला सातच्या आधी यायला सांगितलं.