मोरचूद टाकून हिरवं पाणी निवळत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचं पाणी हिरवं झाल्यावर लिहिलेल्या लेखात मी लोकांना उगाच घाबरवलं, असं तुमचं म्हणणं. शेवाळ पूर्वीही यायचं आणि तुम्ही त्याच पाण्यात पोहायला शिकलात. पुण्याच्या सांडपाण्याचा आपल्या तलावाशी संबंध लावणं तुम्हाला ओढूनताणून वाटतं. आणि काळजीच असेल तर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकावं, पाणी उकळून प्यावं.

माझी चूक आधी सांगतो. शीर्षकात 'विषारी' हा शब्द घालायला नको होता. नील-हरित शैवाल म्हणजे पाणी हिरवं करणारे सूक्ष्म जिवाणू. त्याच्या एकाच जातीत काही वाण विष तयार करतात, काही करत नाहीत. नुसतं पाहून ते ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. मी तशी तपासणी केलेली नव्हती. शीर्षक आज बदललं आहे.

पण हे तुमच्या लहानपणचं शेवाळ आहे, हे मला पटत नाही. तुळजापूर रस्त्याच्या बाजूने काठावर उतरून मी पाण्यात काठी फिरवली. साधं शेवाळ काठीला दोऱ्यासारखं लोंबतं. इथे काठीला ऑइलपेंट फासल्यासारखा हिरवा थर बसला. पाण्याची बाटली भरून घरी आणली आणि खिडकीत न हलवता ठेवली. सकाळी गळ्यापाशी बोटभर जाडीची हिरवी साय होती, खाली पाणी जवळपास नितळ. नील-हरित शैवालाच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून ते असं वर तरंगतं.

आता पुण्याचं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात येते. उजनीचं पाणी आपल्याला जलवाहिनीने येतं, नदीत सोडल्यावर भीमेवरच्या औज बंधाऱ्यातून येतं आणि एकरुख उपसा योजनेतून हिप्परग्यातही पडतं. पाणी येतं तेव्हा सांडपाण्यातला आणि खतांतला फॉस्फरसही सोबत येतो. तो गाळात बसतो आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे वरून येणं थांबलं तरी तळातली शिल्लक काही वर्षं पुरते. कॅनडात १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस फक्त एकीकडे. तीच बाजू हिरवीगार झाली.

मोरचुदाबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो, हा सल्ला कुणाला देऊ नका. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी आपण ते वापरतो, म्हणून ते ओळखीचं वाटतं. त्याने शैवाल मरतं हेही खरं. पण मरताना पेशी फुटते आणि पेशीतलं विष एकदम पाण्यात मोकळं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ साली पिण्याच्या धरणात शैवाल वाढलं म्हणून मोरचूदच टाकलं होतं. त्यानंतरच्या दिवसांत सुमारे दीडशे जण आजारी पडले, त्यांतली बहुतेक मुलं होती. यकृत सुजलेलं, उलट्या, काहींना रक्ताचे जुलाब.

उकळण्याचंही तसंच. नील-हरित शैवालाचं मायक्रोसिस्टिन हे विष उकळून मोडत नाही. पाणी वाफ होऊन जातं, विष तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिनसाठी घातलेली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे.

शुद्धीकरण केंद्रात खरा उपाय क्रमाचा आहे. आधी तुरटीने पेशी अखंड असताना खाली बसवायच्या, गाळायच्या, क्लोरीन नंतर. पाण्यात विष उतरलंच असेल तर ते शोषून घ्यायला सक्रिय कोळसा. पण मुळावर घाव घालायचा तर सांडपाण्यातला फॉस्फरस पुण्याकडेच अडवायला हवा. मूळ लेखात मी हेच मागितलं होतं, त्यावर मी ठाम आहे.

तोवर तलावाला हिरवी साय दिसली तर गुरं पाण्यात घालू नयेत आणि पोरांना उतरू देऊ नये.

काका, एक मदत हवी आहे. तुम्ही पोहायचात तेव्हा पाण्याचा रंग कसा असायचा, तळ दिसायचा का, आणि हिरवं व्हायचं ते कोणत्या महिन्यात? साल आठवत असेल तर तेही लिहा. माझ्याकडे तेवढी जुनी नोंद नाही.