मेकॅनिकल केलंत ना? मग ते एमबीएसाठीच केलंत!

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. तुम्ही इंजिनिअरिंगला चुकूनमाकून गेला नव्हतात. बारावीचा निकाल लागल्यावर शेजारचे काका पेढे खायला आले, चहा बशीत ओतता ओतता म्हणाले "मेकॅनिकल घे, एव्हरग्रीन ब्रांच आहे, तिला मरण नाही", मग सायबर कॅफेतल्या पोराने कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना "अजून एक कॉलेज टाकू का दादा" असं विचारत विचारत यादी लांबवली आणि त्यातलं बाविसाव्या नंबरचं तुम्हाला लागलं, असं काहीही झालेलं नाही. झालं ते असं, की सतराव्या वर्षी तुम्हाला उत्पादन क्षेत्राची पायाभूत समज घ्यावीशी वाटली आणि पुढेमागे मॅनेजमेंटकडे वळायचंच आहे हे ओळखून तुम्ही थंड डोक्याने ही ब्रांच निवडलीत.

हे आरशासमोर म्हणा. हसू यायचं थांबेपर्यंत म्हणा.

कारण एमबीएच्या अॅडमिशन फॉर्ममध्ये तो प्रश्न असतोच. आत्तापर्यंतचं शिक्षण तुमच्या एमबीएच्या ध्येयाला कसं पूरक ठरतं ते लिहा, आणि खाली मोठ्ठा रिकामा चौकोन. खरं उत्तर चार शब्दांत संपतं: पूरक नाही, म्हणून आलोय. पण चौकोन भरायचा असतो ना, आणि इंटरव्ह्यूत समोरचे दोघं तो भरलेला चौकोन हातात धरूनच बसलेले असतात.

आता कुणी म्हणेल की कॅटमध्ये, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, पर्सेंटाइल काढलं की झालं, डिग्री कोण बघतो. बघतात हो! आयआयएम अहमदाबादवाले शॉर्टलिस्ट करताना दहावी-बारावीचे टक्केसुद्धा मोजतात, म्हणजे दहावीत भूमितीच्या पेपराला ताप आला होता तो ताप अजून उतरलेला नाही असं समजा. वर बऱ्याच आयआयएम नॉन-इंजिनिअर पोरांना डायव्हर्सिटीचे जादा मार्क देतात, कारण आपलीच गर्दी एवढी की वर्गात दगड मारला तर तो मेकॅनिकलला लागून कॉम्प्युटरवाल्यावर आपटेल. आणि कॅट म्हणजे काय, तर दोन तास, तीन सेक्शन, प्रत्येकी 40 मिनिटं. चार वर्षं लाप्लास आणि फोरियरच्या नावाने रडलात आणि शेवटी परीक्षेत आलं काय? काळ-काम-वेग. अ आणि ब मिळून भिंत बांधतायत. जे सातवीत येत होतं आणि इंजिनिअरिंग केल्यावर यायचं बंद झालं.

तर मुद्दा असा की जे केलं ते वाया गेलं हे कबूल करायचं नाही. त्याचं भाषांतर करायचं. आपल्याकडे या कलेची जुनी परंपरा आहे, लग्नाच्या बायोडेटात "मनमिळाऊ" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं तरी सगळे लिहितातच.

एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता? एकदा नाही, तीनदा? उत्तम. राहिला म्हणायचं नाही. "अपयशातून सावरण्याची क्षमता मी शैक्षणिक जीवनातच विकसित केली." चौथ्यांदा चाळीसवर सुटलात, तेही काठावर, तर "कमीत कमी रिसोर्समध्ये टार्गेट गाठणे". सबमिशनच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर तीन तास फाइल घेऊन उभे राहिलात, सर जेवायला गेले, मग मीटिंगला गेले, मग शिपाईमामांनी सांगितलं की ते मागच्या दाराने घरी गेले, ते झालं "स्टेकहोल्डर मॅनेजमेंट". गॅदरिंगला जेवणाची कूपनं फाडायला तुम्हाला टेबलावर बसवलं होतं ना? "चाळीस जणांच्या टीमचं नेतृत्व." त्यातले अडतीस जण रांगेत होते हे कोण सांगणारे.

आणि जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग! ज्यांनी ड्रॉइंगच्या शीटा काढल्यात त्यांना समजवायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. हॉस्टेलच्या दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, त्यावर आडवी काच, काचेखाली टेबललॅम्प किंवा कुणाच्या तरी रूममधली काढून आणलेली ट्यूबलाइट, काचेवर हुशार पोराची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चार कोपऱ्यांना सेलोटेप. लाइट लावला की त्याची प्रत्येक रेघ आपल्या कागदावर उमटते, फक्त गिरवायची. रात्री दोनला त्या उजेडात घामाचा थेंब टपकन शीटवर पडायचा आणि मग ब्लेडने खरवडायचं. आमच्या बॅचच्या साठ शीटांवर आयसोमेट्रिक व्ह्यूमध्ये एकाच जागी एकच चूक होती, कारण मूळ शीट एकाचीच, आणि सर तपासताना एवढंच म्हणाले की निदान चूक तरी आपापली करा रे. ह्याला मॅनेजमेंटमध्ये बेंचमार्किंग म्हणतात. इंडस्ट्रीतल्या बेस्ट प्रॅक्टिसेस बघायच्या आणि आपल्याकडे आणायच्या. मी फॉर्ममध्ये जवळपास हेच लिहिलं होतं, फक्त काच आणि ट्यूबलाइट गाळून.

फायनल इयरचा प्रोजेक्टही असाच फिरवा. आम्ही चौघांनी पैसे काढून एका वर्कशॉपमधून पेडलवर चालणारं वॉशिंग मशीन तयार आणलं होतं, एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, मी सायकल मारायला बसलो आणि तिसऱ्या पेडलला चेन उतरली. एक्स्टर्नलनी वर बघितलं, चेनकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बनवलं कुणी?" आम्ही चौघंही एकमेकांकडे बघायला लागलो. ही घटना "आउटसोर्सिंग आणि व्हेंडर मॅनेजमेंटचा प्रत्यक्ष अनुभव" या मथळ्याखाली बसते. चेन उतरली ते "आफ्टर-सेल्स सर्व्हिसचं महत्त्व लक्षात आलं".

अभ्यासू दिसायचं असेल तर दोन नावं पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतात. फ्रेडरिक टेलर, सायंटिफिक मॅनेजमेंटवाला, 1883 सालचा मेकॅनिकल इंजिनिअर. आणि हेन्री फेयॉल, तो खाणीतला इंजिनिअर. म्हणजे मॅनेजमेंटचे दोन्ही बाप आपलेच निघाले, मग आपण घर सोडून कुठे चाललोय, आपण तर वडिलार्जित वाड्यात परत चाललोय! हा डायलॉग मी स्वतः मारलेला आहे. टेलरने अमेरिकेतल्या बेथलहेम स्टीलमध्ये फावड्यात एका वेळी 21 पौंड माल असला की माणूस दिवसभरात सगळ्यात जास्त काम करतो असं काढलं, तेही सांगितलं. पण सावध राहा, दुसऱ्या ओळीच्या पुढे वाचून जा, कारण मी गेलो नव्हतो. समोरच्या मॅडमनी चष्मा वर सरकवून विचारलं, "मग कामगारांना टेलर आवडत असेल, नाही?" मी म्हटलं हो मॅडम, प्रॉडक्टिव्हिटी वाढली ना. त्या म्हणाल्या 1911 साली वॉटरटाउनच्या शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहिलेला बघून ओतकाम करणारे मोल्डर लोक काम टाकून बाहेर पडले होते, ते वाचलं नाहीत का. नव्हतं वाचलं. शेजारच्या सरांनी तेवढ्यात बिस्कीट चहात बुडवलं, ते अर्धं तुटून कपात पडलं, आणि पॅनलमध्ये माझ्यापेक्षा वाईट वेळ कुणावर तरी आलीय याचा मला मनापासून आनंद झाला.

बिस्किटातून सावरल्यावर सरांनी कागद पुढे केला. "आवडता विषय फ्लुइड मेकॅनिक्स लिहिलाय, बर्नूली सांगा." इथे घाबरायचं नाही, समीकरण आठवत नसेल तर फिलॉसॉफीत शिरायचं. मी म्हटलं सर, पाइप जिथे अरुंद होतो तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि प्रेशर कमी होतं, तसंच संस्थेत अडचणीच्या काळात चांगला लीडर वेग वाढवतो आणि टीमवरचं प्रेशर कमी करतो. काय वाक्य होतं! आदल्या रात्री लॉजवर जागून बनवलेलं. सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समीकरण." नाही आलं ते.

थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियमही असाच वापरता येतो, कुठलंही इंजिन सगळी उष्णता कामात बदलू शकत नाही, काही वाया जातेच, तद्वत मनुष्यबळ वगैरे. पण हा जरा जपून वापरा. एचआरमध्ये जायचंय म्हणणाऱ्याने तर नकोच.

कॉमर्सवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. तुम्हाला विचारतात की अकाउंट्स-फायनान्स झालंय तर मग एमबीएत नवीन काय शिकणार? आम्हाला विचारतात इंजिनिअरिंग सोडून इकडे कशाला, सीट वाया घालवलीत ना. बीए मराठीवाल्याला विचारतात आकडे झेपतील का. बीएस्सी अॅग्रीवाल्याला शेती कोण करणार, आणि बीडीएसवाल्या मुलीला तर थेट दात कोण काढणार. म्हणजे काहीही शिकून जा, तुम्ही आरोपीच. कॉमर्सवाल्यांनी पाचिओलीचं नाव घ्यावं, हिशेबाची डबल एन्ट्रीची पद्धत 1494 साली व्हेनिसमध्ये त्याने छापली म्हणून. बीए मराठीवाल्यांनी "स्टोरीटेलिंग" म्हणावं, हल्ली त्याला भाव आहे, आणि खरं सांगायचं तर या अख्ख्या खेळात विषयाला धरून शिकलेला तोच एकटा. आम्ही बाकीचे सगळे चार ओळींचं ललित लिहायला गुगलवर धावतो.

मुंबईच्या डबेवाल्यांना मात्र आता सोडा. हार्वर्डने 2010 मध्ये त्यांच्यावर केस स्टडी काढली तेव्हापासून आपल्याकडचा प्रत्येक उमेदवार त्यांच्या खांद्यावर बसून इंटरव्ह्यूला जातो. ती माणसं डोक्यावर आधीच डब्यांचा क्रेट घेऊन चाललीयेत, त्यात तुम्ही. आणि एसओपी, म्हणजे एमबीए का करायचंय त्याचा निबंध, एआयकडून लिहून घेणार असाल तर निदान एकदा वाचून तरी जा. माझ्या ओळखीतल्या एकाच्या एसओपीत लहानपणापासून ग्राहकांच्या गरजा समजून घेण्याची आवड असं आलं होतं. याची लहानपणची आवड म्हणजे गॅलरीतून खालच्या माणसांवर पाणी ओतणे.

मला शेवटी एका कॉलेजात अॅडमिशन मिळाली. कशामुळे ते मला अजून कळलेलं नाही, बहुतेक बिस्किटामुळे. दोन वर्षं झाली, लोन झालं, प्लेसमेंटही झाली आणि कंपनीने मला पाठवलं सांगली भागात, पाण्याच्या मोटरी विकायला. टेरिटरी मॅनेजर. तासगावकडे एका डीलरच्या दुकानात बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, स्क्रीनवर ब्रँड व्हॅल्यूची स्लाइड. तेवढ्यात एक शेतकरी आला आणि मालकाऐवजी मलाच विचारलं, "साहेब, साडेसात एचपीची घेतली तर तीनशे फुटाला किती इंची पाणी पडंल?"

मी स्लाइड पुढे सरकवली. त्यात शेतकऱ्याचा हसरा फोटो होता.

मालकाने माझ्या हातातला टॅब हळूच बाजूला ठेवला, बिलबुकाच्या पाठीमागे पेनने एक उतरती रेघ काढली, इकडे हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं, इकडे डिस्चार्ज म्हणजे किती पडणार, हेड वाढलं की पाणी कमी होणार, आणि पाइप बारका घातलात तर घर्षणात अजून जाणार, असं दोन मिनिटांत त्याला समजावलं. हीच रेघ मी टर्बो मशीन्सच्या जर्नलमध्ये सोळा मार्कांसाठी काढली होती. म्हणजे गिरवली होती. मालक स्वतः दहावी.

शेतकरी गेल्यावर त्यांनी चहा सांगितला आणि विचारलं, "साहेब, तुमचं शिक्षण काय?"

"एमबीए," मी म्हटलं.

"हां, मग बरोबर," ते म्हणाले. मेकॅनिकलचं मी बोललोच नाही.