पुणे मेट्रोचा ‘कोल्ड्रिंकचा कॅन’

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला, या वेळी पहाटे साडेपाचला, गुलाबाच्या फुलासकट. मजकूर तोच: दिल्लीला स्टेनलेस स्टीलचे मेट्रो डबे, पुण्याच्या नशिबी मात्र स्वस्तातलं ॲल्युमिनियम. कोल्ड्रिंकच्या कॅनसारखे चेपतील, आग लागली तर वितळतील, आणि वर सगळा माल इटलीचा. खाली फोटो.

वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या मार्गांवरचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत, हे खरं. दिल्लीत स्टेनलेस स्टील वापरलंय, हेही खरं. ‘स्वस्तातलं’ मात्र पदरचं. ॲल्युमिनियमकडे वळतात ते वजनासाठी. स्टेशनं जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरवर. गाडी वेग घेते न घेते तोच ब्रेक. डबा हलका असला की दर वेळी तेवढी वीज वाचते.

आता चेपण्याचं. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी. म्हणजे शंका अगदीच खुळी नाही. पण घरातलं पुठ्ठ्याचं खोकं कापून कड बघा: दोन कागद आणि मधे नागमोडी पट्टी. सुटा कागद बोटाने वाकतो, खोकं धान्याचं वजन पेलतं. डब्याची भिंत याच युक्तीवर उभी असते. दुहेरी भिंत, आत तिरक्या फासळ्या, अशा लांबलचक पोकळ पट्ट्या साच्यातून दाबून काढतात आणि एकमेकींना जोडतात. कॅनला आत फासळ्या नसतात, म्हणून तो मुठीत चुरगळतो. जपानच्या आजच्या शिंकान्सेन गाड्याही ॲल्युमिनियमच्याच आहेत.

खरी उणीव वेगळीच आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, त्यामुळे आरेखनात तिथे जास्त काळजी घ्यावी लागते, आणि अपघातानंतरची दुरुस्तीही स्टीलपेक्षा किचकट. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आगीचं म्हणाल तर ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. डब्यात तेवढी उष्णता होईस्तोवर धुराने आधीच घात केलेला असतो. 2003 साली दक्षिण कोरियातल्या देगूच्या भुयारी मेट्रोत एका माणसाने आग लावली, 192 माणसं गेली. तिथे चर्चा झाली ती आतल्या ज्वलनशील आसनांची, फरशीची आणि धुराची. स्वारगेटला जाताना मुठेखालून जावं लागतं, तेव्हा विचारायचंच असेल तर आसनं आणि केबल कशाच्या आहेत ते विचारा.

इटली? अर्धसत्य. सुरुवातीच्या गाड्या इटलीतल्या कासेर्टाच्या कारखान्यातून आल्या. पण तो कारखाना ज्या फिरेमा कंपनीचा, ती 2015 मध्येच कोलकात्याच्या टिटागढने घेतली होती. पुढच्या गाड्या हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात बनल्या.

राहिला फोटो. आपल्या या गाड्यांच्या टपावर तारेतून वीज घेणारा सांगाडा, म्हणजे पेंटोग्राफ असतो आणि वर 25,000 व्होल्टची तार. फोटोत ना पेंटोग्राफ, ना तार. ती पुण्याच्याच हिंजवडी मार्गाची गाडी आहे, आल्स्टॉम कंपनीची, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट घेणारी. मेसेज टाकणाऱ्या काकांना मी एवढंच लिहिलं: फोटो झूम करून तार शोधा.