पेंटॅक्सनं मिररलेसच्या नादी लागू नये

पेंटॅक्स या कॅमेरा ब्रँडनं आता तरी मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत उतरावं, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. तिथे सोनी, कॅनन, निकॉन आधीच ठाण मांडून बसलेत. नवा माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी), त्याच्यासाठी लेन्सची अख्खी मालिका, हा खर्च पेंटॅक्सला, म्हणजे रिको कंपनीच्या या छोट्या विभागाला झेपायचा कसा? मोठ्यांना ज्यात रस नाही तेच पेंटॅक्सनं करावं, आणि ते त्यांनी करूनही दाखवलंय. २०२३चा के-३ मार्क थ्री मोनोक्रोम घ्या, फक्त कृष्णधवल फोटो काढणारा कॅमेरा. उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर रंग वेगळे करणारी जाळीच नाही, त्यामुळे उजेड जास्त पोचतो आणि बारकावे सुरेख उतरतात. मग २०२४मध्ये पेंटॅक्स १७, चक्क नवा फिल्म कॅमेरा! अर्धी फ्रेम, एका फोटोला फिल्मवर नेहमीच्या निम्मी जागा, म्हणजे ३६च्या रोलमध्ये ७२ फोटो. अंगठ्यानं लिव्हर ओढायचा, की रोल पुढे सरकतो. रोल आणि डेव्हलपिंगचे भाव पाहता हे दुप्पट फोटो फार मोलाचे.

कंपनीला एकच कळकळीची विनंती, १९७५पासूनचा के माउंट सोडू नका. लोकांच्या कपाटातल्या जुन्या लेन्स आजही त्यावर बसतात. ऑटोफोकस मात्र सुधारायलाच हवा. पक्ष्यांचे फोटो काढणारे त्यापायीच दुसऱ्या कंपन्यांकडे वळतात.