टॅब वाटून मुलं संशोधक होत नाहीत

‘फिनलंडने विषय रद्द केले, शिक्षकांना बाजूला बसवलं, प्रत्येक मुलाच्या हाती टॅब दिला आणि मुलं आपली आपण शोधून शिकू लागली. आपले पोट्टे पाठांतरवाले, कारण आपली संस्कृतीच तशी. म्हणून पालकांनी टॅब घ्यावेत आणि शिक्षकांनी तासाला गप्प बसावं.’ नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मजकूर फिरतोय. माझी मावसबहीण हिंगण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिला पालकसभेत तो वाचून दाखवला आणि वर विचारलं, ‘मॅडम, मग तुम्ही एवढं बोलता कशाला?’ आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

फिनलंडचं आधी उरकते. तिथे विषय रद्द झालेले नाहीत. २०१६ पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाला किमान एक प्रकल्प अनेक विषय जोडून करायचा असतो, एवढंच. गणित, भौतिकशास्त्र, सगळं जागच्या जागी आहे. निकालही वाढलेले नाहीत: ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत २००६ साली विज्ञानात त्यांचे ५६३ गुण होते, २०२२ साली ५११ झाले. ऑगस्ट २०२५ पासून तर तासाला शिक्षकाच्या परवानगीशिवाय मोबाइल वापरायला तिथे कायद्यानेच मनाई आहे.

सगळ्यात घातक वाक्य आहे ते ‘शिक्षकांनी गप्प बसावं’ हे. लॅझोंडर आणि हार्मसेन या संशोधकांनी २०१६ साली शोधातून शिकण्यावरच्या ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष सरळ आहे: मार्गदर्शन मिळालेली मुलं शोधही नीट घेतात आणि शिकतातही जास्त. का, ते दोलकाच्या साध्या प्रयोगात दिसतं.

दोऱ्याला लहान लोखंडी नट बांधून टांगा, लांबी ५० सेंटीमीटर. २० आंदोलनांना (एक आंदोलन म्हणजे एकदा जाऊन परत येणं) साधारण २८.४ सेकंद लागतात. आता मुलांना विचारा, वजन वाढवलं तर? मुलं त्याच गाठीला मोठा नट अडकवतात. वेळ येतो २९.२ सेकंद. मुलं खूश: ‘जड दोलक हळू हलतो!’ निष्कर्ष साफ चूक, आणि मोजमाप मात्र बरोबर. दोलकाची लांबी टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत मोजतात; मोठ्या नटाचा मध्य तीन सेंटीमीटर खाली गेला, म्हणजे लांबीच ५३ झाली. दोन गोष्टी एकदम बदलल्या हे मुलांच्या लक्षात येत नाही, आणि टॅबही ते सांगत नाही. ‘लांबी कुठून कुठपर्यंत मोजली?’ हा एक प्रश्न विचारायला तिथे माणूस उभा लागतो. उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. गप्प बसणं वेगळं.

बाकीच्या चुकाही ठरलेल्या. दोलक सोडतानाच ‘एक’ म्हटलं की २० ऐवजी १९ आंदोलनं मोजली जातात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. दोलक फार लांब खेचला की वेळ वाढतो, म्हणून १० अंशांच्या आतच सोडायचा. आणि पंखा बंद ठेवायचा. आपल्याकडे मार्चमध्ये तो कोणी बंद करू देत नाही, तेव्हा दोलक पंख्यापासून दूर, कोपऱ्यात टांगा.

मजकुरातलं अर्धसत्य मान्य करावं लागतं: संगणक जे दाखवतो ते खडू-फळ्याला जमत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संगणकावरच्या आभासी प्रयोगांमधल्या दोलकाला चंद्रावर नेता येतं. तिथे ५० सेंटीमीटरच्या दोलकाला २० आंदोलनांना सुमारे ७० सेकंद लागतात. पण ‘फेट’मध्ये वजन आणि लांबीच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत. नटाचा घोळ तिथे होतच नाही, म्हणजे तो सोडवायलाही कोणी शिकत नाही. म्हणून आधी दोरा, मग पडदा.

‘आपली संस्कृतीच पाठांतराची’ हे ऐकलं की संताप येतो. नागपूरहून रेल्वेने काही तासांवर मध्य प्रदेशातलं होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) आहे. तिथे १९७२ साली १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं आणि ते पुढे शेकडो शाळांत पोचलं. खेड्यातली मुलं, साधं साहित्य, हाताने केलेले प्रयोग. २००२ साली ते बंद पडलं ते सरकारी निर्णयाने. मुलांना जमत नव्हतं म्हणून नाही. जपानमध्ये शिक्षणतज्ज्ञ इताकुरा यांनी १९६३ साली मांडलेली पद्धत तर अख्ख्या वर्गासाठीच आहे: प्रश्न आणि उत्तराचे पर्याय ठेवायचे, हात वर करून मतं मोजायची, वाद घालू द्यायचा आणि मगच प्रयोग करायचा. तीच मुलं, तोच भरलेला वर्ग, आणि शोध चालू. हिंगण्याच्या शाळेत ते का होऊ नये?

राहिला टॅब. दोलकाच्या तासाला शिक्षिकेचा एक मोबाइल घड्याळापुरता पुरतो. ‘फेट’ आधी उतरवून ठेवलं तर नेट लागत नाही, आणि एक संगणक प्रोजेक्टरला जोडला की सगळ्या वर्गाला दिसतं. यंत्रं असतीलच तर चार-पाच मुलांत एक द्या. एक मूल चालवतं, बाकीची हुज्जत घालतात, आणि ती हुज्जत तासाला हवीच असते. टॅबसाठी पालकांकडून वर्गणी मागणाऱ्याने आधी सांगावं: कोणता प्रयोग, कोणत्या तासाला, आणि त्या वेळी शिक्षिका काय विचारणार? हे कागदावर आल्याशिवाय एकाही पालकाने पैसे काढू नयेत.