थारला ‘रिकामी जागा’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक मेसेज ग्रुपांमध्ये फिरतोय. त्याचं म्हणणं असं: थारमध्ये वाळूशिवाय काही नाही, माणसं नाहीत, पाणी नाही, एवढी जमीन फुकट पडलीय, तर तिथे सौर पॅनेल पसरा आणि उरलेल्या जागेत झाडं लावून ती हिरवी करा. सहलवाल्यांच्या रील्समध्येही हाच समज असतो, फक्त मंद संगीत लावून: ‘या शून्यात स्वतःला शोधा.’

माणसं नाहीत? जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांमध्ये थारची गणना होते. जैसलमेरजवळच्या सम गावी वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसून फोटो काढला की ढाण्या, म्हणजे तिथल्या वाड्या, चौकटीबाहेर राहतात, एवढंच. आणि सगळीकडे वाळूही नाही. खडकाळ माळ आहेत, खारट सखल जमिनी आहेत, सेवण गवताची कुरणं आहेत. थारपारकर गाय याच मुलखातली.

पाण्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, कधी त्याहून कमी. खालचं भूजल बहुतेक खारं. पण काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. तो पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. पाणी वाळूत ओल बनून राहतं. तिथे कुई, म्हणजे अरुंद विहीर, खणतात आणि थेंबथेंब पाझरून पाणी साचतं. त्याला ‘रेजाणी पाणी’ म्हणतात. दुसरी युक्ती खडीनची, तिथल्या पालीवाल ब्राह्मणांनी रुजवलेली. खडकाळ उताराच्या पायथ्याला मातीचा बांध घालायचा, पावसाळ्यात पाणी अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. वरून सिंचन नाही. थारची ओढ वाटायचीच असेल तर या हिशेबाची वाटावी. शून्य वगैरे शहरातून बरोबर नेलेलं असतं.

‘झाडं लावा’ हा प्रयोगही होऊन गेलाय. परदेशातून आणलेली विलायती बाभूळ, आपल्याकडची वेडी बाभूळ, मारवाडात मुद्दाम पसरवली गेली. आज ती स्थानिक गवतं आणि झुडपं हटवतेय. तिथलं खरं झाड खेजडी, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्या सांगऱ्यांची, म्हणजे शेंगांची, भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना जातो, तिच्याखाली बाजरी चांगली येते. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० मध्ये ही झाडं वाचवताना अमृतादेवींसह बिश्नोई पंथाचे ३६३ जण मारले गेले. तिथल्यांना झाडांचं महत्त्व आपण शिकवायचं?

इंदिरा गांधी कालव्याने सगळं सुटेल म्हणणाऱ्यांनी राजस्थानातल्याच हनुमानगढकडची पाणथळ, क्षारपड झालेली शेतं पाहावीत.

राहिली सौरऊर्जा. ती हवीच, भडलाचा २,२४५ मेगावॅटचा प्रकल्प तिथेच आहे. भांडण जागेचं आहे. ओरण म्हणजे तिथल्या देवराया; पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या, गुरांच्या चराईच्या. त्यांतल्या बऱ्याच सरकारी दप्तरात पडीक म्हणून पडल्या आहेत, आणि पडीक म्हटलं की वाटप सोपं. शिवाय प्रकल्प आला की विजेच्या तारा येतात. माळढोक पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, त्यामुळे त्याला त्या तारा चुकवता येत नाहीत. सोलापूरच्या नान्नजला तो जवळजवळ संपला. थार हा त्याचा शेवटचा मोठा आसरा. ओरणांची नोंद करा म्हणून जैसलमेरचे गावकरी पायी यात्रा काढत आलेत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राजस्थान सरकारला या देवरायांचं सर्वेक्षण करून त्या अधिसूचित करायला सांगितलं आहे.